बाळंतिणीच्या खोलीतली हवा

लखनौची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. जाड भिंती, उंच छत, गार फरशी आणि छताजवळ रोशनदान म्हणून एक लहानशी झडपेची खिडकी, गरम हवा वर चढून तिथून निघून जावी म्हणून. मे-जूनमध्ये ह्या सगळ्याचे उपकार वाटतात. डिसेंबर आला की तीच घरं उलटतात. दुपारी बाहेर ऊन असतं आणि घरात मात्र पाय टेकवत नाही, म्हणून इथली माणसं दिवसभर गच्चीवर नाहीतर रस्त्याकडेला खुर्च्या टाकून मटार सोलत बसतात आणि संध्याकाळी नाइलाजाने आत जातात. मग फटी बुजवणं सुरू होतं. रोशनदानात वर्तमानपत्रं कोंबायची, दाराखाली जुनी चादर गुंडाळून ठेवायची, विजेचा ब्लोअर लावायचा, नाहीतर अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवायची. बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशी बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. लोक ती वाचतात, हळहळतात आणि दार लावून घेतात.

मी ह्या शहरात लग्न होऊन आले. नवरा मूळचा मिरजेचा, रेल्वेत इंजिनिअर. मानक नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचं बिऱ्हाड होतं. कामाबद्दल विचारलं की तो खुलायचा. वातानुकूलित डब्यात हवा कशी खेळवायची, हे त्याचं काम. थंडीत डबा उबदार राहिला पाहिजे, पण आतल्या माणसांनी रात्रभर एकमेकांचा उच्छ्वास ओढत बसता कामा नये. म्हणून बाहेरची ताजी हवा किती घ्यायची, झडप कुठे बसवायची, जाळी किती वेळा धुवायची, हे सगळं तो मला ताटातल्या वाट्या सरकवून समजावून सांगायचा. आमटीची वाटी म्हणजे हीटर, पाण्याचा पेला म्हणजे हवा आत यायचं तोंड. "ऊब कोणीही देतो गं," तो म्हणायचा, "खरी अक्कल हवा बदलण्यात आहे." मला हे ऐकायला आवडायचं. आपल्या कामाबद्दल जीव तोडून बोलणाऱ्या माणसाच्या मी प्रेमात पडले होते, हे कबूल करायला मला आजही लाज वाटत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण माझी आई माझ्या लग्नाआधीच गेलेली, वडील एकटे, भावाचं घर लहान. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी येते लखनौला. माझ्या नातवंडाचं मी करीन." आल्या त्या सामानाने लादलेल्या. डिंक, अळीव, बाळंतशेपा, वावडिंग, ओवा, मऊ सुती लुगड्यांची धडपी, आणि गोणपाटात गुंडाळलेली एक लोखंडी शेगडी. मिरजेहून इतक्या लांब शेगडी आणायची काय गरज होती, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला याच शेगडीवर शेकलाय."

मुलगी डिसेंबरच्या मध्यावर झाली. नर्सिंग होममधून घरी आलो तेव्हा धुकं बसलेलं होतं आणि पुढे कितीतरी दिवस सूर्य दिसला नाही. मागच्या बाजूची छोटी खोली माझ्यासाठी तयार होती. ती नवऱ्याने तयार केली होती, आणि एखाद्या डब्याचं काम हातात घ्यावं तशी. खिडकीच्या कडांना फोमची पट्टी, दाराखाली रबर, आणि रोशनदानात मापाने कापलेला थर्माकोलचा तुकडा, इतका घट्ट की सहजी निघू नये. मला दाखवताना त्याचा चेहरा फुलला होता. "मेणबत्ती लावून बघितली. ज्योत हलत नाही," तो म्हणाला. कोपऱ्यात नवा ब्लोअर होता. मला खरंच बरं वाटलं. इतकी ऊब मला त्या घरात आधी कधी मिळाली नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला मालिश करून, कढत पाण्याने न्हाऊ घालून शेक देतात. बाळंतीण बाजेवर निजते, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, त्यावर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी देतात. बाजेच्या कडेने पांघरुणं सोडतात, की शेक बाहेर जाऊ नये. मिरजेच्या घरात ह्यात काहीच वावगं नव्हतं. तिथे खोलीचं दार परसात उघडं असे, वर कौलं, कौलांत बोट जाईल अशा फटी. धूर आणि जे काही असेल ते आपोआप वर निघून जाई. इथे ज्योत हलत नव्हती.

हे मी पहिल्याच दिवशी म्हटलं. मी काही इंजिनिअर नव्हे, पण वर्षभर वाट्या-पेल्यांचे धडे ऐकले होते. "शेगडीच्या वेळी तेवढं रोशनदान उघडू या," मी म्हणाले.

सासूबाई माझ्या कानात कापूस कोंबत होत्या. "वारं लागलं की जन्माची कंबर धरते. हसण्यावारी नेऊ नकोस."

"मग कोळसा नको. ब्लोअर आहे ना."

"विजेचा शेक हाडात उतरत नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दारात उभा होता. त्याच्या तोंडावर मला सगळं स्पष्ट दिसत होतं. हवा येण्याचं तोंड बंद, जाण्याचं तोंड बंद, मध्ये जळणारा कोळसा, ह्याचं उत्तर काय येतं हे त्याला दहावीतल्या मुलासारखं पाठ होतं. तो म्हणाला, "आई म्हणते तसं करू या गं. सव्वा महिन्याचा तर प्रश्न आहे."

डोकेदुखी दोन-तीन दिवसांतच सुरू झाली. शेक घेऊन उठले की कपाळात घण बसायचे, मळमळायचं, डोळ्यांपुढे जाळं यायचं. जेवणाच्या वेळी दार चार वेळा उघडलं-लावलं गेलं की उतरत जायचं आणि दुसऱ्या दिवशी शेकानंतर पुन्हा तेच. एकदा कोळसे संपले म्हणून शेगडी पेटली नाही. त्या दिवशी मी ठणठणीत होते. हे मी दोघांनाही सांगितलं. सासूबाईंनी डोक्याला आणखी एक फडकं आवळून बांधलं; त्यांच्या मते डोक्यात वारं आधीच शिरलं होतं.

नवरा एकटा सापडला तेव्हा मी त्याचा हात धरून म्हणाले, "तू तरी सांग त्यांना. तुझं ऐकतील."

"बघतो," तो म्हणाला. आणि त्याने काय केलं, तर आई आंघोळीला गेलेली असताना स्टुलावर चढून थर्माकोल वीतभर बाहेर ओढून ठेवला. मला वाटलं, चला, जिंकलो. दुपारी सासूबाईंचं लक्ष वर गेलं. "हे कुणी काढलं?"

"निघालं असेल थंडीने आकसून," माझा नवरा म्हणाला. आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा स्टुलावर चढून त्याने तो तुकडा आत ठोकला, आणि या खेपेला कडेने चिकटपट्टीही लावली.

सकाळच्या चहाला तो पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याच आठवड्यात अंगीठीची बातमी आली होती, दुकानात झोपलेल्या दोन भावांची. "कमाल आहे लोकांची," तो म्हणाला, "इतकी साधी गोष्ट कळत नाही." मी खोलीतून ऐकत होते. माझ्या बाजेखाली त्या वेळी शेगडी ठेवली जात होती. सासूबाई चिमट्याने निखारे सारखे करता करता म्हणाल्या, "काय बाई तरी!"

संक्रांतीच्या दिवशी सुट्टी होती. धुकं इतकं की समोरचं क्वार्टर दिसत नव्हतं. थंडी जास्त म्हणून सासूबाईंनी कोळसेही जास्त घातले, आणि गुळपोळ्यांना उशीर होतो म्हणून शेगडी ठेवून, दार ओढून घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. एरवी त्या थोड्या वेळाने येऊन शेगडी उचलत. त्या दिवशी गुळाच्या गडबडीत विसरल्या. मला गुळाचा खमंग वास येत होता आणि बरं वाटत होतं, फारच बरं. डोकंसुद्धा दुखायचं थांबलं होतं. मुलीला पाजायची वेळ झाली म्हणून मी तिला जवळ घेतलं, तर तिने तोंड उघडलं नाही. गालावर टिचकी मारली, पायाला गुदगुल्या केल्या. मान ज्या बाजूला सोडली त्या बाजूला पडून राहिली.

मी हाक मारली. निदान मारली असं मला वाटलं. आवाज कुणाला ऐकू गेला नाही. उठायला गेले तर पाय आहेत की नाहीत ते कळेना. मी बाजेवरून खाली पडले, मुलीला छातीशी धरून, आणि कोपरांवर सरकत दारापर्यंत गेले. खालच्या रबराने दार घट्ट बसायचं, ते ओढायला दोन हात लागत आणि माझा एकच मोकळा होता. ते कसं उघडलं ते मला नीट आठवत नाही. बाहेरची खोली, मग पुढचं दार, मग व्हरांड्याची बर्फासारखी फरशी. तिथे मी ओकले. मुलीला धुक्यात उघडी धरून मी तिच्या पाठीवर थापट्या मारत होते, आणि बऱ्याच वेळाने ती रडली, मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात.

सासूबाई पोळीच्या हातांनी धावत आल्या. "वेड लागलंय का तुला? ओली बाळंतीण उघड्यावर!" त्या मला दंडाला धरून त्याच खोलीकडे ओढायला लागल्या.

नवरा अर्धी दाढी झालेल्या तोंडाने बाहेर आला. त्याने मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ त्या खोलीत गेला. मला दारातून सगळं दिसत होतं. त्याने ती तापलेली शेगडी टॉवेलने धरून मागच्या अंगणात नेऊन टाकली. मग स्टुलावर चढून थर्माकोल ओढून काढला, खिडकी सताड उघडली. हे सगळं त्याने कुणी सांगायच्या आधी केलं, बरोबर त्याच क्रमाने. मग तो गाडीची किल्ली शोधू लागला.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मुलीच्या डोळ्यांत बॅटरी मारत त्यांनी विचारलं, "कमरे में अंगीठी जल रही थी?"

सासूबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नहीं डॉक्टर साहब. ब्लोअर था."

"पक्का? कोयला, लकड़ी, कुछ नहीं?"

"नहीं. ठंड लग गई शायद. ये बच्ची को लेकर बाहर निकल गई थीं."

मी स्ट्रेचरवर होते. जीभ जड झाली होती, पण अजून माझ्या ताब्यात होती. "कोयला था," मी म्हणाले. "पलंग के नीचे. खिड़की, रोशनदान, सब बंद था. रोज़ होता था."

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे एकदाच वळून पाहिलं आणि ऑक्सिजन मागवला, आधी मुलीला, मग मला. तो छोटासा मास्क तिचा अर्धा चेहरा झाकत होता. संध्याकाळी ती भुकेने किंचाळायला लागली तेव्हा मी रडले. त्याआधी नाही.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं. ओरडून नाही, ओरडायचं बळच नव्हतं. "तू खोटं का बोललास?"

"आईसमोर कसं सांगणार होतो? ती मेली असती गं शरमेने."

"आणि मी शुद्धीवर नसते तर?"

"पण होतीस ना. बोललीस ना तू," तो म्हणाला, आणि मला पाणी हवं का असं विचारलं.

सासूबाईंवर माझा राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे. पण त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं, मायेने केलं, आणि लखनौची खोली मिरजेच्या खोलीसारखी श्वास घेत नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. ज्याला ते ठाऊक होतं, ज्याचा पगार त्यासाठी होता, त्याने चिकटपट्टी लावली.

पुढच्या हिवाळ्यात हळदीकुंकवाला इथल्या मराठी बायका आमच्याकडे जमल्या. सासूबाई मुद्दाम आल्या होत्या. तिळगूळ वाटता वाटता त्यांनी गोष्ट सांगितली: सुनेला बाळंतपणात कसा झटका आला, कशी ती पोरीला घेऊन धुक्यात पळाली, आणि शेकामुळे अंगात ऊब होती म्हणून पोर कशी वाचली. बायका "अगंबाई" म्हणाल्या. नवरा बाहेरच्या खोलीत होता, दार उघडं होतं. तो वर्तमानपत्राचं पान उलटत राहिला. ती गोष्ट नंतर मी इतक्या वेळा ऐकली की मधले शब्दही मला पाठ झाले. प्रत्येक वेळी तो जवळपास असायचा.

तेव्हापासून घरातला हिवाळा मी माझ्या हातात घेतला. दिवाळी संपली की मी कुणाची वाट बघत नाही. ब्लोअरची जाळी काढून ब्रशने धूळ साफ करते, वायर आणि प्लग गरम होतो का ते हात लावून पाहते, एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवरचं तेलकट किटण खरवडते. गॅसचा गीझर बाथरूममधून काढून बाहेर बाल्कनीत लावून घेतला. नंतर आम्ही इंदिरा नगरला फ्लॅट घेतला. तिथे सरकत्या खिडक्या, इतक्या चपखल की रस्त्यावरचा हॉर्न आत येत नाही, आणि रोशनदान नावाची गोष्टच नाही. मी गवंडी बोलावून प्रत्येक खोलीच्या भिंतीत छताजवळ भोक पाडून घेतलं, त्याला जाळी बसवली. नव्या भिंतीला भोक पाडताना बघून नवऱ्याने कपाळाला हात लावला. पाहुणे आले की तो ते भोक दाखवतो. "ये हमारी मैडम का डिपार्टमेंट है," तो हसून म्हणतो. पाहुणेही हसतात. तो आता मोठा साहेब आहे. बंद जागेतल्या हवेवर भाषणं द्यायला बाहेरगावी जातो, आणि चांगला बोलतो असं ऐकते.

सासूबाई गेल्याला आता काही वर्षं झाली. तेरावा झाला, माणसं पांगली, आणि माझ्या मनात एक वेडी आशा आली की आता तो बोलेल. ज्या माणसासमोर सांगता येत नव्हतं तो माणूस राहिला नव्हता. मला माफी नको होती. मुलीला खरं काय ते एकदा त्याच्या तोंडून कळावं, एवढंच हवं होतं. माझ्या तोंडून नको, कारण माझं बोलणं ह्या घरात म्हणजे एक सवय झाली आहे, एक्झॉस्ट पंख्याच्या घरघरीसारखी.

गेल्या जानेवारीतली एका रविवारची दुपार. चार दिवस ऊन नव्हतं. मुलगी तिच्या खोलीत ब्लोअर लावून अभ्यासाला बसली होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. मी आत गेले तर भिंतीच्या भोकात तिने जुनी शाल कोंबलेली, खिडकी बंद. मी शाल ओढून काढली आणि खिडकी चार बोटं सरकवली.

"मम्मा, प्लीज़!" ती वैतागली. "हर साल वही. पापा सही कहते हैं, आपको बंद कमरे का फ़ोबिया है."

"काय म्हणतात पापा?"

"यही कि मैं छोटी थी तो आप मुझे ठंड में बाहर लेकर भाग गई थीं. डिलिवरी के बाद होता है किसी-किसी को. इट्स ओके, मम्मा."

तो बाहेर सोफ्यावर होता, हातात मोबाइल. मी दारात उभी राहून म्हणाले, "आत ये. हिला सांग काय झालं होतं. आता कुणाची शरम आहे?"

तो आला, पण आत नाही, उंबऱ्यापर्यंत. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "आई गेली. गेलेल्या माणसाबद्दल कशाला काढायचं आता?"

तेव्हा मीच सांगितलं. शेगडी, कोळसे, फोमची पट्टी, चिकटपट्टी, इस्पितळ. तिची मान कशी पडली होती तेही सांगितलं. माझा आवाज चढत गेला, मला तो आवरता आला नाही, आणि आवरायचाही नव्हता. ती पेन हातात धरून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिची नजर माझ्यावरून तिच्या बापाकडे गेली. तो फरशीकडे पाहत होता. तिने मग माझ्याकडे पाहिलं ते दयेने. माझ्या मुलीने माझ्याकडे त्या नजरेने पाहावं, ह्याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही.

"मम्मा," ती समजूत घालावी तशी म्हणाली, "पापा का तो काम ही यही है. बंद कमरे में कोयला होता, तो पापा रोकते नहीं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. तो फोन वाजल्यासारखं करून बाहेर गेला.

मुलीने उठून खिडकी लावून घेतली. मी ती पुन्हा उघडली. तिने पुस्तक मिटलं, रजई डोक्यावरून ओढली आणि माझ्याकडे पाठ करून निजली.